सत्तावीस नंबरचं पोतं

नंदुरबार
रविवार, ८ डिसेंबर २०२४

चि. मयूरी,

अक्षर ओळखशील. पत्ता तुझ्या आईच्या डबीतल्या कुरिअरच्या पावतीवरून उतरवून घेतला. तिला सांगितलेलं नाही. फोन तू उचलणार नाहीस, आणि उचललास तरी सहा वर्षांनंतर काय बोलायचं ते मला सुचणार नाही. म्हणून कागद घेतला.

इकडे ठीक आहे. मी अजून रतिलाल शेठच्या मिरचीच्या पथारीवर वजनकाट्यावरच आहे. यंदा मिरची उशिरा आली, पण रंगाला चांगली आहे. मैदानभर माल वाळत पडलाय आणि कडेला ताडपत्रीखाली साठ बाया देठं खुडत बसतात. ठसक्यामुळे सगळ्यांची तोंडं फडक्याने बांधलेली, नुसते डोळे दिसतात. मी त्यांना चेहऱ्याने ओळखतच नाही, नंबराने ओळखतो. संध्याकाळी पोतं काट्यावर येतं, बाई नंबर सांगते, मी वजन वहीत लिहितो. हंगाम संपला की शेठ वही बघतो. जिच्या नावापुढे मध्येमध्ये कोरे दिवस दिसतात, तिला पुढच्या वर्षी बोलावत नाही.

तुला सांगायचं म्हणजे, मी एक लबाडी पकडली. सत्तावीस नंबरचं पोतं गेल्या महिन्यात चार दिवस दुसरीच बाई आपल्या पोत्यासोबत आणत होती. मी काही बोललो नाही. या महिन्यात पुन्हा तसंच झालं, तेव्हा उठून रांगेपर्यंत गेलो. सत्तावीस नंबरची जागा रिकामी होती. ती बाई पोत्यांच्या थप्पीमागे गोणपाटावर पडली होती, गुडघे पोटाशी घेऊन, तोंडात पदराचा बोळा. मला बघून उठायला लागली. तिच्या नावावर रोज पंधरा-सोळा किलो लागत होते आणि ती इथे झोपलेली.

एकोणीस वर्षं काट्यावर आहे, माझ्या वहीत खोटा आकडा गेलेला मला चालत नाही. तुला माझा स्वभाव माहीत आहे.

सुरतेला थंडी कमी असते म्हणतात. तुझं बरं चाललं असेल.

पप्पा


गुरुवार, १९ डिसेंबर

चि. मयूरी,

मागच्या पत्रात एक सांगायचं ठेवलं होतं. ती बाई थप्पीमागे दिसली त्या दिवशीच मी शेठकडे गेलो आणि सत्तावीस नंबरचं सांगितलं. शेठ म्हणाला, नाव खोड. मी खोडलं. त्या बाईचं नाव धनुबाई, धडगावकडच्या डोंगरातली. कामावरून काढलंय हे तिला मीच सांगितलं. तिने ऐकलं, डोक्यावरचं फडकं नीट केलं आणि निघून गेली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी रांग लागली. चोवीस, पंचवीस, सव्वीस झाल्या. मग अठ्ठावीस नंबरची कालीबाई दोन पोती घेऊन आली. ही त्या ओळीतली सगळ्यांत मोठी, साठीला आलेली. एक पोतं तिने काट्यावर ठेवलं आणि म्हणाली, "सत्तावीस."

मी म्हणालो, तो नंबर आता नाही.

"नंबर तुम्हना शे, आप्पा. वजन आम्हनं शे," ती म्हणाली. "आम्ही ते जिले देनं शे तिले देऊत."

आवाज चढवला नव्हता. मागे तीसेक बाया उभ्या होत्या, एकही रांग मोडत नव्हती. मी काट्याकडे बघितलं. पंधरा किलो आठशे. काय झालं मला सांगता येत नाही, पण मी खोडलेल्या नावाखाली नवी ओळ आखली, सत्तावीस लिहिलं आणि वजन घातलं.

रविवारी पथारी बंद असताना एकटाच जाऊन कपाटातल्या मागच्या चार हंगामांच्या वह्या काढल्या. मला बघायचं होतं हे कधीपासून चाललंय. मयूरी, पहिल्यापासून चाललंय. दर महिन्याला चार दिवस असे आहेत की चोवीस, पंचवीस, सव्वीस आणि अठ्ठावीस यांची वजनं तीन-तीन, चार-चार किलोंनी उतरतात आणि सत्तावीसचं तसूभर हलत नाही. पण मी थक्क झालो ते पुढचं बघून. दोन वर्षांपूर्वी पंचवीस नंबर बाळंत होऊन आली, तर पुढचे तीन महिने तिचं वजन एकदाही उतरलेलं नाही. तिचा वाटा बाकी तिघींनी उचलला. सव्वीसच्या मुलीचं लग्न होतं त्या महिन्यात सव्वीसला सोडलं. आणि ज्या महिन्यात जिला सोडलं तिने नंतर सावकाश, कोणी मागितलं नसताना, ते भरून दिलेलं दिसतं. चार वर्षांत मला यात एक चूक सापडली नाही. या बायांपैकी एकीलाही लिहिता येत नाही. मी चार वर्षं रोज स्वतःच्या हाताने हे लिहीत होतो आणि मला ते दिसलं नव्हतं.

वह्या मिटून बराच वेळ तिथेच बसून राहिलो. देवळात बसतो तसा.

सोमवारी शेठला जाऊन सांगितलं की चूक माझी होती, त्या बाईचं वजन बरोबर आहे. शेठ म्हणाला, एकूण वजन जुळतंय ना? मग माझं डोकं कशाला खातोस? धनुबाई मंगळवारपासून परत आली आहे. माझ्याकडे बघत नाही.

पप्पा


रविवार, ५ जानेवारी २०२५

चि. मयूरी,

हे पत्र मी तीनदा फाडलंय.

गुरुवारी जेवणाच्या सुटीत कालीबाई धनुबाईला घेऊन काट्यापाशी आली. हातात कापडाच्या दुकानाची पिशवी, आत कागदच कागद. म्हणाली, "तुम्हले वाचता येस. यामा काय लिखेल शे ते सांगा."

मी धनुबाईकडे बघितलं. तिने मान हलवली. मग मी एकेक कागद तारखेवार लावून वाचायला बसलो. सात वर्षांचे होते. पहिल्यात पित्त लिहिलं होतं. पुढच्यात मुतखडा. मग एका खाजगी दवाखान्यात अपेंडिक्स काढलं. त्यानंतर पोटाचा टीबी म्हणून सहा महिने गोळ्या. सोनोग्राफीचे नऊ कागद. मी रोग वाचायचो आणि कालीबाई त्या कागदाला काय गेलं ते सांगायची. या कागदाला दोन बकऱ्या. या कागदाला हातातलं चांदीचं कडं. अपेंडिक्सला बैलजोडीतला एक बैल, मग दुसरा एकटा ठेवून उपयोग नव्हता म्हणून तोही. टीबीच्या वेळी नवरा, दिवाल्या, गुजरातची ऊसतोड अर्ध्यात सोडून आला, तर मुकादमाने पुढच्या वर्षी घेतला नाही. शेवटचा कागद एका डॉक्टरचा, गर्भाशय काढून टाका म्हणून. धनुबाई एकोणतीस वर्षांची आहे. मूल नाही. त्या ऑपरेशनसाठीच ती ओळीतल्या बायांच्या भरवशावर वजन धरून पैसे जमवत होती.

मधल्या एका कागदावर कुठल्याशा नर्सने मराठीत लिहून ठेवलं होतं. ते वाचताना मी मोठ्याने वाचायचा थांबलो. लिहिलं होतं, पाळीच्या आधी दोन दिवसांपासून कळा, मांडीपर्यंत उतरतात. उलट्या. शौचाला बसताना सुरी फिरवल्यासारखं दुखतं. सरळ बसता येत नाही.

हे शब्द मी ऐकलेले होते. तू माझ्यासमोर जेवणाच्या पाटावर बसून म्हणाली होतीस. शहाद्याला फार्मसीच्या दुसऱ्या वर्षाला होतीस, दोन पेपर गेले होते, आणि मी फीचे पैसे पाण्यात गेले म्हणून बोलत होतो. तू म्हणालीस, पप्पा, मला तीन तास सरळ बसता येत नाही. मी म्हणालो, बायकांना दुखतंच, तुझ्या आईने कधी सांगितलं का? तू उठून गेलीस. पुढच्या वर्षी त्या मुलाकडच्यांना तू स्वतःच सगळं सांगून टाकलंस आणि त्यांनी स्थळ मोडलं, तेव्हा मी जे बोललो ते इथे लिहीत नाही. तुला पाठ असेल.

घरी येऊन तुझ्या आईला म्हणालो, जसोदा, मला वाटतं आपल्या मयूरीला काहीतरी आहे. पथारीवर एक बाई आहे, तिचे कागद वाचले.

ती भाकरी थापत होती. हात थांबले नाहीत. म्हणाली, "माले ठाऊक शे. तिन्हं आपरेशन व्हयनं, अडीच वरीस व्हई ग्यात. मी व्हतू तठे."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. तिने तव्यावर भाकरी टाकली आणि सगळं सांगितलं. अडीच वर्षांपूर्वी माहेरच्या बायांबरोबर प्रकाशा तीर्थाला राहायला जाते म्हणून नऊ दिवस गेली होती, ती सुरतेला तुझ्या खाटेपाशी होती. दर दोन महिन्यांनी प्रकाशाला दर्शनाला जाते म्हणायची, ते सकाळच्या गाडीने सुरत आणि रात्रीच्या गाडीने परत. तुझ्या महिन्याच्या इंजेक्शनला ती दुधाच्या हिशेबातून पैसे काढायची. घरी आल्यावर ती मला प्रसाद द्यायची. तो सुरत स्टेशनबाहेर घेतलेला असायचा.

मी विचारलं, मला का सांगितलं नाहीस?

"तुम्ही कधी इचारं?" ती म्हणाली.

मयूरी, मी तिच्याबरोबर एकतीस वर्षं एका घरात राहतोय. राग यायला हवा होता. आलाच नाही. वह्या उघडल्या होत्या तेव्हा झालं होतं तसंच पुन्हा झालं.

पप्पा


रविवार, २ फेब्रुवारी

चि. मयूरी,

आई म्हणाली, तुला पत्रं मिळालीत. फोनवर त्याबद्दल आणखी काही बोलली नाहीस, एवढंही सांगितलं. ठीक आहे. मी लिहितो.

धनुबाईला इथल्या सरकारी दवाखान्यात दाखवलं. तिच्याबरोबर कालीबाई आणि दिवाल्या होते. मी कागद धरायला. आयुष्यात पहिल्यांदा हंगामात सुटी मागितली, तर शेठ मला ताप आलाय का बघायला लागला.

डॉक्टरबाई तुझ्याहून पाच-सात वर्षांनी मोठ्या असतील. त्यांनी पिशवीतला एकेक कागद बघितला, घाई केली नाही. मग धनुबाईला पडद्यामागे तपासलं आणि बाहेर येऊन एंडोमेट्रिओसिस असं नाव सांगितलं. दिवाल्याला समजेना, म्हणून त्यांनी कागदावर चित्र काढलं. गर्भाशयाच्या आत जे अस्तर असतं तसंच अस्तर बाहेर वाढतं, अंडाशयावर, आतड्यावर, कुठेही. दर महिन्याला पाळी आली की तेही आतल्या आत रक्त सोडतं, आणि त्या रक्ताला बाहेर यायला वाटच नसते. मग आतली इंद्रियं एकमेकांना चिकटत जातात.

दिवाल्या म्हणाला, मग सात वर्षं कुणी सांगितलं कसं नाही?

बाई म्हणाल्या, बहुतेकींची इतकी वर्षं जातातच. सोनोग्राफीत पुष्कळदा दिसत नाही, आणि पाळीचं दुखणं सांगितलं की घरातही कोणी ऐकत नाही, दवाखान्यातही नाही. मी मान खाली घातली. त्या मला उद्देशून बोलत नव्हत्या, त्यांना काय माहीत. मग त्यांनी कागदांच्या गठ्ठ्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, यात तुमचे बैल गेले ते दिसतं. पण या प्रत्येक कागदामागे कुठेतरी एक खाट अडली, एका डॉक्टरचा वेळ गेला, नसलेल्या रोगाची औषधं गेली. सुरुवातीलाच कोणी नीट विचारलं असतं तर त्यातलं बरंचसं वाचलं असतं, तुमचंही आणि सरकारचंही.

गर्भाशय काढायची गरज नाही, असं त्या म्हणाल्या तेव्हा धनुबाईने कालीबाईचा हात धरला तो जाईपर्यंत सोडला नाही.

पुढचे पंधरा दिवस माझे. ऑपरेशन मोफत करणाऱ्या सरकारी योजनेच्या कार्डावर तिचं नाव धनीबाई, आधारवर धनुबाई, रेशनकार्डावर धन्नू. तिन्ही एकच बाई हे सिद्ध करायला तलाठी, ग्रामसेवक, धडगावच्या दोन फेऱ्या. दिवाल्या म्हणाला, आप्पा, तुम्ही नसता तर मी पहिल्याच खिडकीवरून परत गेलो असतो. ज्याने तिचं नाव खोडलं तोच मी, हे त्याला माहीत आहे.

मंगळवारी दुर्बिणीने ऑपरेशन झालं, सव्वातीन तास. बाईंनी नंतर कालीबाईला आत बोलावून टीव्हीवर आतलं दाखवलं. कालीबाई बाहेर आली ती माझ्याशेजारी बाकावर बसली. मग म्हणाली, आत जागोजागी काळेनिळे ठिपके, जळाल्यासारखे. एका बाजूला अंड्याएवढी गाठ, त्यातून डांबरासारखं रक्त निघालं. आतडं मागे घट्ट चिकटलेलं, ते बाईंनी केसाएवढ्या कात्रीने सोडवलं.

"इतलं पोटमा लिसन ती आम्हना जोडे बठे, आप्पा," ती म्हणाली. "अन् आम्हले वाटे, नुसतं दुखस."

चार वर्षं ज्यांनी तिचं पोतं भरलं त्यांनाही ती काय घेऊन बसते ते कळलं नव्हतं. आणि तुझे दोन पेपर गेले तेवढंच मी धरून बसलो. त्या वर्षी पेपर सात होते. पाच तू पास झालीस. आत हे असं असताना, बाकड्यावर तीन-तीन तास बसून, पाच. त्या बाकावर बसून मी हे पुन्हा पुन्हा मोजलं. हे कसं केलंस, ते मला कळत नाही.

पप्पा


रविवार, ९ मार्च

चि. मयूरी,

धनुबाई सोमवारपासून कामावर यायला लागली. जड उचलायचं नाही, म्हणून तिचं पोतं अजून कालीबाईच आणते. आता सगळ्यांना माहीत आहे, शेठलाही. एकदा हिशेब बघताना त्याने विचारलं, या चौघींचं वजन मध्येच उतरतं ते का? मी सांगितलं. तो वही मागे चाळत गेला, मग म्हणाला, एवढं काटेकोर माझ्या दुकानातही कोणी ठेवत नाही. हंगाम संपला की कोणाला काढायचं ते या वर्षी त्याने विचारलेलं नाही. पुढच्या वर्षाचं मला माहीत नाही.

परवा धनुबाई पाणी प्यायला काट्यापाशी आली. तोंडावरचं फडकं सोडलेलं. चार वर्षांत पथारीवर तिचा उघडा चेहरा मी पहिल्यांदा नीट बघितला. गालावर गोंदण आहे. मी म्हणालो, आता बरं आहे ना?

"दुखत नही, तं नींद येत नही, आप्पा," ती म्हणाली, आणि स्वतःलाच हसू आलं तिला.

कायमचं गेलं असं नाही, हे डॉक्टरबाईंनी सांगून ठेवलंय. परत वाढू शकतं. रोजची गोळी आहे. दवाखान्यात कधी असते, कधी बाहेरून घ्यावी लागते. गोळी नसेल तेव्हा कुणी आणायची याची ओळीत वाटणी झाली आहे. या वेळी त्यात माझाही नंबर आहे. तो मी मागून घेतला. कालीबाईने आधी नाही म्हटलं, मग जरा विचार करून म्हणाली, सव्वीसनंतर तुम्ही.

आता तुझ्याशी. जे बोललो ते परत घेता येत नाही. माफीसुद्धा पत्रातून मागायची म्हणजे समोर यायचं टाळल्यासारखंच आहे. पण जे त्या दिवशी पाटावर बसून विचारायला हवं होतं, ते आज विचारतो. कुठे दुखतं? केव्हापासून? रात्री झोप लागते का? दुखतं त्या दिवसांत कामावर काय सांगतेस? डॉक्टर कोण आहे, ते तुझं ऐकून घेतात का? या सहा वर्षांत तुझं काय काय गेलं, ते मला कालीबाईने सांगितलं तसं सांगशील का? आकडे नको. बैल, बकऱ्या, जे काय होतं ते.

उत्तर द्यावंसं वाटलं नाही तर देऊ नकोस. मी रविवारी लिहीत जाईन.

पप्पा


सुरत
रविवार, १६ मार्च २०२५

पप्पा,

पाचही पत्रं मिळाली. पहिलं न उघडता ठेवलं होतं. दुसरं आल्यावर दोन्ही एकदम वाचली.

तुम्ही विचारलंत म्हणून. तेराव्या वर्षापासून. बेंबीखाली डावीकडे, तिथून पाठीत आणि पायात. काय गेलं ते सांगते. शहाद्याचं कॉलेज गेलं. इथे आल्यावर पहिल्या मेडिकल दुकानातली नोकरी गेली, महिन्यात तीन खाडे म्हणून. दुसरी पण गेली. आता हॉस्पिटलच्या बिलिंग काउंटरवर आहे, इथे उभं राहावं लागत नाही. एक मैत्रीण गेली, तिला वाटलं मी टाळते. स्कूटीसाठी साठवलेले पहिल्या ऑपरेशनला गेले. आईचे किती गेले ते ती सांगत नाही, मी तीनदा विचारलं. काउंटरवर बसून रोज बघते, माझ्यासारख्या बायका येतात, बिल बघतात, फाइल बंद करतात आणि तपासणी न करता परत जातात. मी त्यांना बसवून घेते, पाणी देते. कुठल्या योजनेत बसेल ते शोधून देते. सात-आठ जणींचं झालं आतापर्यंत. आई सोडून हे कुणाला सांगितलेलं नाही.

त्या चौघींबद्दल तुम्ही लिहिलंत ते मी काउंटरवरच्या दोघींना वाचून दाखवलं. त्यांना मराठी अर्धवट कळतं, तरी दोघींनी हातातली बिलं बाजूला ठेवली. पंचवीस नंबर बाळंत झाली होती त्या जागेपाशी मला पुढे वाचता आलं नाही.

तुम्ही जे बोलला होतात ते मला पाठ आहे. ते इतक्यात जाईल असं वाटत नाही, हे खरं लिहिते.

माझी गाठ परत आली आहे, चार सेंटिमीटर. सोमवारी, २४ तारखेला ऑपरेशन धरलंय. वीस दिवस बिनपगारी सुटी मिळाली आहे. आईचे गुडघे दुखतात, तिला या वेळी जिने चढवायचे नाहीत. संमतीच्या कागदावर नातेवाइकाची सही लागते. फाइल सकाळी सातला जमा करायची असते.

रविवारच्या गाडीने या. जेवण करून ठेवते.

मयूरी